दोन साडू, दोन गाड्या

१४ मे, गुरुवार

ही डायरी जानेवारीत बियाण्यांच्या दुकानदाराने फुकट दिली होती. आजवर ती गॅरेजातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. आज काढून झटकली. मनात जे चाललंय ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि जयाला सांगितलं तर ती हसेल.

माझा साडू सयाजी याने स्पोर्ट्स कार घेतली.

लाल. दोन दारं, दोन सीटं. इंजिन मागे आणि डिकी पुढे. सयाजी महाळुंगे पडवळचा बागायतदार, वय अठ्ठावन्न, डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला मणक्याचा पट्टा. दुपारी ती गाडी माझ्या गॅरेजसमोर थांबली. आधी दार उघडलं, मग एक पाय बाहेर आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. शेवटी मी हात धरून त्याला बाहेर ओढला.

"साडूभाऊ, जल्मभर ट्रॅक्टरवर उंच बसलो," तो म्हणाला. "म्हटलं, आता एकदा खाली बसून बघावं."

"खाली बसायला घोंगडी पुरली असती की."

"घोंगडी साडेतीन सेकंदात शंभरावर जाती का?" असं म्हणून त्याने माझ्या शेडकडे मान वळवली. "आन तुमची म्हातारी? चालती का अजून?"

म्हातारी म्हणजे डॉक्टरांची मोटार. एकोणीसशे एक्कावन्न सालची, विलायती. जुन्नरच्या एका डॉक्टरांची होती. ते गेले, मुलं परदेशी गेली, आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. घरचे म्हणाले, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. त्याला नऊ वर्षं झाली. ट्रॅक्टर आणि इंजिनं दुरुस्त करून उरलेला सगळा वेळ मी तिलाच दिलाय. तिची दारं उलटी उघडतात. वळायचं असलं की दोन दारांमधल्या खांबातून एक छोटा हात बाहेर येऊन दिशा दाखवतो. गेल्या दिवाळीत तिला मोरपंखी रंग दिला. ती छटा जुळवायला तीन वेळा पुण्याला गेलो.

सयाजीच्या गाडीचं इंजिन मी कान देऊन ऐकलं. रस्त्यापलीकडून ट्रॅक्टर गेला तरी त्याचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. ही बढाई नाही, जुन्नरात कुणालाही विचारा. या गाडीत खोट काढायला जागाच सापडली नाही. जेवण गेलं नाही.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना लागला, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला देवपण मिळतं, पुरणाचे धोंडे खायला घालतात, आणि मग पुढची तीन वर्षं तो परत माणूस.

सकाळीच मामींचा फोन आला. मामी म्हणजे आमची सासू, साळुबाई. ऐंशी पार केलेली. घोडेगावाहून डोंगराकडे सहा किलोमीटर आत तिचं घर आहे. मामा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा नाही, दोघी मुलीच, थोरली माझी जया आणि धाकटी सयाजीची हौसा. मामी एकटी राहते. शेजारचे गेणभाऊ येता-जाता हाक मारतात, तेवढाच आधार.

गेल्या पावसाळ्यात ती दोनदा घसरली. म्हणून या वर्षी तिला एकटं ठेवायचं नाही, असं दोघी बहिणींनी ठरवलंय. पण कुणाकडे? लोकांच्या घरी म्हातारी नको म्हणून भांडणं होतात, आमच्याकडे हवी म्हणून चाललीत. हौसा म्हणते आमच्याकडे मोकळी हवा, जया म्हणते आमच्याकडे दवाखाना जवळ.

मामीने फोनवर दोघींना एकच सांगितलं. "पुढच्या रविवारी धोंड्याला या. दोन्ही पावण्यांच्या गाड्या मला बघू द्या. जिच्यात बसावंसं वाटंल, तिच्या घरी जाईन."

जया हसली. मी हसलो नाही. मला माझी आई आठवत नाही. लग्नानंतर दोन वर्षं मी घोडेगावात एका गॅरेजवर काम शिकत होतो, आणि मामीकडे जेवत होतो. "अजून घ्या" असं न विचारता सरळ ताटात भाकरी टाकणारी बाई मला तिथे पहिल्यांदा भेटली. दोन वर्षांत घरजावई हा शब्द तिने स्वतः काढला नाही आणि गावालाही काढू दिला नाही. ती आमच्याकडे यावी असं मला फार वाटतं. उद्यापासून गाडीची सीटं नव्याने शिवायला घेतो.

२४ मे, रविवार

आज मी जिंकलो. सविस्तर लिहितो.

आम्ही पोहोचलो तेव्हा लाल गाडी अंगणात बरोबर दारासमोर उभी होती. सयाजीने आल्या आल्या ती मामींना बाहेर बोलावून दाखवली होती म्हणे. हौसा बिचारी एस्टीने आली, कारण पुढच्या सीटवर नारळ, हार आणि पूजेचं सामान होतं. गाडीची पूजा सयाजीने अजून कुठेच केली नव्हती. मामींच्या हातूनच करायची, असा त्याचा हट्ट.

मी माझी गाडी कुंपणाशी लावली. आम्हाला पाटावर बसवलं. मामी वाढायला आली ती गप्प बसू देईना. "बोला की पावणं. गप का बसलाय?" दोघांच्या तोंडाची टकळी सुरू ठेवायला लावून तिने वाढलं. तूप वाढताना निम्मं माझ्या मनगटावर आलं. मला लहानपण आठवलं, म्हणजे नसलेलं लहानपण आठवलं. पण मग सयाजीच्या ताटात दोनदा धोंडे पडले आणि माझ्या ताटात एकदाही नाही. घास कडू झाला. जयाने गुपचूप स्वतःच्या हाताने मला वाढलं आणि आईकडे बघत राहिली.

जेवण होता होता सयाजीला आठवलं की उन्हाने त्याची सीटं तापतील. तो उठून गाडी आंब्याखाली घेऊन गेला. मोकळी झालेली जागा बघून मी माझी गाडी दारासमोर आणली, कारण परत जाताना मागे घ्यायला मला ती बरी पडते. मामी आत ताट करत होती.

मग मामी पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि बाण सुटावा तशी सरळ माझ्या गाडीकडे आली! बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, फूल ठेवलं, चाकापाशी नारळ फोडला. सयाजी हातात लिंबू घेऊन आंब्याखाली उभा. मामीचा हात बॉनेटवरून फिरत फिरत पुढच्या दिव्यावर आला आणि थबकला. माझ्या गाडीचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले आहेत.

"जुन्याला आधी मान," मामी म्हणाली. "मग नव्याला. जया, हात दे गं."

जया तिचा हात धरून तिला आंब्याकडे घेऊन गेली. सयाजीच्या गाडीची पूजा उरल्यासुरल्या हळदीत झाली. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर मामीने दोन्ही गाड्या तपासल्या. बाजारात बैल पारखावा तशी हात लावून. दोन्ही इंजिनं चालू करायला लावली. सयाजीचं सुरू झालं तशी गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली.

"ही बिबट्यावानी गुरगुरती," मामी म्हणाली. "आन थोरल्यांची ताक घुसळल्यावानी बोलती. दोन्ही ग्वाड हायेत." मग माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "आन काळा रंग लई शोभतो हिला."

काळा! बहुतेक धुळीने तसा दिसला असेल. येताना रस्त्याचं काम चालू होतं.

"मग मामी, कोणाची?" सयाजीने विचारलं.

"अशी कशी सांगू? दोघंबी एकेक फेरी मारून आणा. घाई हाय का?"

काय सांगायचंय! नव्या गाडीची पूजा बाजूला ठेवून माझ्या गाडीवर स्वस्तिक काढलं, यातच निकाल आला. परत येताना जया म्हणाली, "आई तांदळातले खडे निवडत नाही आता. हात थकले वाटतं." मी म्हणालो, तू पण ना, कुठला विषय कुठे नेतेस.

२५ मे, सोमवार

गाडी दोनदा धुतली. स्वस्तिक सोडून.

२८ मे, गुरुवार

सयाजी आला होता. चेहरा अजून उतरलेला, पण मनाचा मोठा आहे. किल्ली माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "चालवून तरी बघा राव."

ओतूरच्या रस्त्याला लागलो. पाय नुसता ठेवला तर पाठ सीटला चिकटली आणि पोट मागे राहिलं. गिअर बदलायला काठी नाही, चाकामागे दोन पाती, बोटाने टिचकी मारली की झालं. वळणावर ती झुकत नाही, रस्त्याला धरून बसते. मी हसत होतो असं सयाजी म्हणतो. मला आठवत नाही.

डॉक्टरांच्या मोटारीला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर ती दात-ओठ खाते. तिला ब्रेक लागायचे असतील तर आदल्या गावातच सांगावं लागतं. तिच्याशी सारखं बोलत राहावं लागतं. ही लाल पोरगी विचारायच्या आत उत्तर देते. नऊ वर्षं घालून मी जे करू शकलो नाही, ते तिने जन्मतःच आणलंय. खरं लिहायचं तर मला ती आवडली. एकदा नाही, परत परत चालवावीशी वाटली. हे जयाला सांगायचं नाही. सयाजीला तर मुळीच नाही.

उतरताना त्यानेच मला ओढून काढलं.

३१ मे, रविवार

आज सयाजीची फेरी होती. हौसाने फोनवर जयाला सांगितलं. मामीला आत बसवायला पाव तास लागला. गेणभाऊंनी पाय धरले, सयाजीने खांदे. घोडेगावापर्यंत नेऊन आणलं. वाटेतला प्रत्येक गतिरोधक सयाजी तिरका घेतो, साप चालल्यासारखा. मामी खूश आहे म्हणे. गार हवा, आवाज झ्याक, पोटात पाखरू उडाल्यावानी झालं म्हणाली. सयाजीने विचारलं, "झाडं कशी मागं पळत्यात बघितलं का?" तर म्हणाली, "पळू द्या की."

म्हणजे तिला आवडलं. मला झोप येणं कठीण आहे. गुरुवारी माझी फेरी. दिव्यांच्या वायरी बदलून घेतो, कसर ठेवायची नाही.

४ जून, गुरुवार

आज झालं ते लिहून टाकतो.

दुपारी चारला मामीकडे पोहोचलो, एकटाच. जया म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. वाटेत पुढचे दिवे धड वाटेनात, म्हणून आधी गोठ्याच्या सावलीत गाडी घेतली आणि बॅटरीची वायर सोडवून दिव्यांचे जोड घट्ट केले. मामी काठी टेकत आली. तिला म्हटलं, बरं झालं आलात, जरा समोर उभ्या राहा. दिवे एकट्याने तपासता येत नाहीत. एकाने आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने समोरून "लागला" म्हणायचं. आमच्या धंद्यात हे काम रस्त्याने जाणाऱ्या माणसालाही सांगतात.

मी आत बसून बटण दाबलं. "डावा लागला का, मामी?"

"लागला."

"उजवा?"

"लागला, लागला. लखलखीत."

"आता मोठा करतो. बघा."

"अगं बया! डोळं दिपलं की."

मला आनंद झाला. स्टार्टर दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. गाडी मेल्यासारखी. उतरलो, बॉनेट उघडलं, आणि बघत राहिलो. बॅटरीची वायर मी सोडवली होती, ती परत लावलीच नव्हती. दिवे लागणं शक्यच नव्हतं.

वायर लावली, आत जाऊन बसलो आणि दोन्ही दिवे एकदम पूर्ण सोडले. मामीने हात डोळ्यांवर घेतला.

"हे काय लावलं आता? उजाडल्यावानी झालं." मग हळूच म्हणाली, "म्हंजी मघाशी लागला नव्हता व्हय?"

"नव्हता, मामी."

ती गोठ्याच्या दगडावर बसली. मी तिच्या पायाशी बसलो. दोन वर्षं झाली, ती म्हणाली. आधी धुकं आलं, मग दुधावर साय धरावी तसं. माणूस आवाजावरून ओळखते, गाय वासावरून. त्या दिवशी गाड्या हलल्याचा आवाज आला होता, पण लाल गाडी दारासमोरच हाय असं मनात धरून ताट घेऊन निघाली होती. दिव्यावर हात गेला तेव्हा कळलं की ही दुसरीच.

"पोरींना सांगू नका, पावणं. कळलं तर मला घरातनं उचलून न्येत्याल. हितं मला समदं पाठ हाय. चुलीपासून दारापर्यंत अकरा पावलं, दारापासून गोठ्यापर्यंत चवतीस. तुमच्याकडं आले तर मी खरी आंधळी हुईन."

"मग गाड्यांची फेरी कशाला म्हणालात?"

"येळ काढत व्हते. दुसरं काय करू?"

पोरींना सांगणार नाही असा शब्द मी दिला. फेरी झाली नाही. मी तिला चहा करून दिला. साखरेच्या डब्यात मुंग्या होत्या, त्या काढल्या. रस्ताभर स्वतःला शिव्या देत आलो. पन्नास फुटांवरून बेअरिंग ओळखणारा माणूस! तूप मनगटावर, धोंडे दुसऱ्याच्या ताटात, मोरपंखी काळा. एवढं सगळं समोर घडलं आणि मी काय केलं, तर गाडी धुतली.

५ जून, शुक्रवार

वचन पोरींना न सांगण्याचं दिलंय. सयाजी पोरींमध्ये येत नाही.

महाळुंग्याला जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली आणि बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. मग उपरण्याने नाक पुसून म्हणाला, "म्हंजी त्या दिशी मामींनी पूजा माजीच केली म्हणायची."

"हो बाबा. तुझीच."

"मंग ठीक हाय." आणि पुन्हा रडला.

७ जून, रविवार

गाड्यांची शर्यत अजून चालू आहे असं बायकांना भासवून आम्ही दोघांनी मामीला नारायणगावात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मामीला वाटेत खरं सांगितलं. रागावली. "तुमी शब्द मोडला." मी म्हणालो, शब्दात सयाजी नव्हता. त्यावर ती हसली आणि मग आली.

दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलल्या आमच्या शिक्षकांसारख्या. एवढं पिकेपर्यंत कोण थांबतं, म्हणाल्या. उजेड कळतोय ही चांगली खूण आहे. बुधवारी एका डोळ्याचं ऑपरेशन, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात.

आता बायकांना सांगणं आलं. मामीनेच फोन हातात घेतला आणि दोघींना एकदम सांगितलं. जया माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "मला संशय होता. विचारायची भीती वाटली. हो म्हणाली असती तर?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्याकडे अशी पद्धत नाही, पण ठेवला.

१० जून, बुधवार

ऑपरेशन झालं. पट्टी उद्या काढतील.

घरी न्यायच्या सूचना दिल्यात. मान खाली वाकवायची नाही, धूळ लागू द्यायची नाही, दणका बसू द्यायचा नाही. मामी काही दिवस आमच्याकडे जुन्नरला राहणार, जवळ पडतं म्हणून. भाड्याची गाडी करू म्हटलं तर मामी ऐकेना. "दोन दोन जावयांच्या गाड्या अस्ताना भाड्याची?"

मग दवाखान्याच्या बाकावर बसून सयाजीने आणि मी दोन्ही गाड्यांची तुलना केली. पहिल्यांदाच बढाईशिवाय. त्याच्या गाडीत धुळीचा कण शिरत नाही, पण आत जाताना माणसाला वाकून दुमडावं लागतं, आणि बसल्यावर रस्त्यावरचा खडा न् खडा कमरेला कळतो. माझ्या गाडीत माणूस जवळजवळ उभ्याने शिरतो, ताठ बसतो, स्प्रिंगा मऊ आहेत. पण तळातून धूळ येते, नऊ वर्षांत ती मला बंद करता आली नाही.

"म्हंजी दोघींतली एकबी धड न्हाई," सयाजी म्हणाला.

"दोघी मिळून एक होईल."

तो उठला, आपल्या गाडीतली जाड पायपुसणी उपसली, आणि आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून ती माझ्या गाडीच्या तळात चिकटवली. कडा चिकटपट्टीने बंद केल्या. महागातली लाल शिलाईची पायपुसणी एक्कावन्नच्या मोटारीत अशी चपखल बसली की मला जरा हेवाच वाटला.

११ जून, गुरुवार

पट्टी निघाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, काय दिसतं?" मामी एका डोळ्याने समोर बघत राहिली. जया आणि हौसा रडायच्या बेतात होत्या. त्यांना ओळखून तिने मान डोलावली. मग आमच्याकडे वळली. बराच वेळ बघितलं.

"थोरलं कोन आन धाकलं कोन?"

"मी थोरला, मामी."

ती जवळ आली. माझ्या गालाला हात लावला, सयाजीची टोपी काढून टक्कल बघितलं. तिचं तोंड रडवेलं झालं.

"अगं बाई," ती म्हणाली. "माजं जावई म्हातारं झालं की गं."

यावर मला जे झालं ते लिहिता येत नाही. कित्येक वर्षांत मला कुणी असं नीट बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मोरपंखी गाडी बघून ती थांबली. "ही हिरवी व्हय! आन मी काळी काळी म्हणतीय. सांगायचं न्हाई व्हय, पावणं?" मग लाल गाडी. "आन ही एवढुशी? आवाजावरनं मला हत्ती वाटला." सयाजी म्हणाला, हत्तीच हाय, बसलेला.

नारायणगाव ते जुन्नर मी पंचविसाच्या वर गेलो नाही. सयाजी पाठीमागे, पुढे गेला तर त्याची धूळ उडेल म्हणून. साडेतीन सेकंदात शंभरावर जाणारी गाडी पाऊण तास माझ्या मागे चालत आली. पोरं मोटरसायकलवरून शूटिंग घेत होती. सयाजीने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

१३ जून, शनिवार

मामी आमच्याकडे आहे. तीन दिवस घर भरल्यासारखं वाटतंय. सकाळी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसते, काळा चष्मा लावून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाव विचारते. मी तिच्यासाठी मागच्या खोलीला नवीन खिडकी पाडायचं ठरवलं होतं. गवंड्याला बोलावलं होतं.

संध्याकाळी म्हणाली, "पावणं, उद्या मला घरी सोडा."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दिसत नव्हतं म्हून पोरी मला नेणार व्हत्या. आता दिसतंय. मंग कशाला?"

जयाने वाद घातला, हौसाने फोनवर घातला. शेवटी ठरलं की डोळ्यात औषध घालायला हौसा महिनाभर तिकडे राहील, मग जया. मी गवंड्याला नको म्हणून कळवलं. तिला डोळे मिळावेत म्हणून मी धडपडलो, आणि डोळे मिळाले म्हणून ती चालली. वाईट वाटतंय. वाईट वाटतंय म्हणून लाजही वाटतेय. दोन्ही लिहून ठेवतो.

१४ जून, रविवार

मामीला घरी सोडलं. मी पुढे, सयाजी आणि हौसा लाल गाडीत मागे. वाटेत घोडेगावात थांबवून तिने दुकानांच्या पाट्यांचे रंग बघितले. तिला वाचता येत नाही, पण कुठली पाटी बदलली ते सांगत होती.

घरी पोहोचल्यावर ती एकटीच पुढे गेली. पावलं मोजली नाहीत. उंबऱ्यात उभी राहिली, काळा चष्मा काढला, आणि आत बघून किंचाळलीच.

"आरं द्येवा! ही जळमटं! चुलीमागं बघा, भितीला बघा! आन हितं बसवून मी जावयांना धोंडं खाऊ घातलं? आन तुमी खाल्लं? कुनी बोललं न्हाई मला!"

आम्ही दोघांनी वर बघितलं. खरंच, छपराच्या वाशांवर जाळ्यांची झालर होती. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती. आमचं लक्ष अंगणातल्या गाड्यांवर होतं.

वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, म्हणून तिला अंगणात खुर्चीवर बसवलं. हौसाने तोंडाला पदर बांधला. पण मामीने तिला थांबवलं आणि एक केरसुणी माझ्या हातात दिली, एक सयाजीच्या. धोंड्याचा महिना संपायला अजून एक दिवस होता. दोन्ही देव टोप्या काढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून कामाला लागले.

सयाजी फळीवर चढला, मी फळी धरली. त्याच्या मणक्याच्या पट्ट्यावर जाळी पडत होती. मामी अंगणातल्या खुर्चीवरून उघड्या दारातून आत बोट दाखवत होती. "तिकडं न्हाई, डावीकडं. आणखी वर. त्या वाश्याच्या आडोशाला, बारीक हाय बघा, कोळी बसलाय."

सयाजीला कोळी दिसेना. मी चष्मा लावला, मलाही दिसेना.

"आवं तिथं, तिथं," मामी म्हणाली. "मला हितनं दिसतोय!"